हद्द कायम

मी करवीर इलाख्याच्या मोजणी खात्यात.
साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा;
टोक धरायला दौलू, टिपणावर रेघ माझी.
भावकीची किती भांडणं या हाताखालून गेली.
बांध वीतभर सरकवायचा म्हटला तरी
लगतच्या कब्जेदारांना नोटीस काढावी लागते,
चावडीवर दवंडी, पाच पंच, अंगठे,
आणि कुणाची तरी म्हातारी बांधावर आडवी पडतेच.

फेब्रुवारी पंचेचाळीस. वळिवड्याला
पोलिशांच्या छावणीत विहिरीची जागा मोजायला गेलो.
गुऱ्हाळं पेटलेली, शिवारभर काहिलीचा वास.
एरवी बराकींपुढं बायका मोठमोठ्यानं बोलायच्या,
त्या दिवशी कुणी कुणाशी बोलेना.
रेडिओभोवती पुरुष उभे, सुतकाच्या घरी उभे राहतात तसे,
टोप्या हातात.

बाजारात मराठी शिकलेला यूरेक, दहा वर्षांचा,
म्हणाला, "आमचं गाव दिलं."
कुणाला?
"शेजाऱ्याला."
कुणी?
त्यानं तीन बोटं दाखवली.

पुढं वर्तमानपत्रातून कळलं:
कुठल्याशा थंड समुद्राकाठी, मेलेल्या राजाच्या महालात
तीन मोठी माणसं बसली, एकमेकांची दोस्त.
लढाई संपायची होती, वाटणीचा कागद आधीच तयार.
एक अख्खा देश उचलून मावळतीकडं सरकवला,
उन्हात पडलेली बाज सावलीला ओढावी तसा.
म्हणतात, आधीच्या एका बैठकीत
एकानं आगपेटीच्या काड्या मांडून दाखवलंही होतं.
मी रात्री घरी काड्या मांडून बघितल्या.
एक सरकवली की दुसरी सरकते, खरंच.
काडीवर कुणी राहत नाही.

नोटीस? नाही.
पंच? तेच तिघं.
लगतचा कब्जेदार? तो तर टेबलाशीच बसलेला.
दौलू विड्याची पिंक टाकून म्हणाला,
"रावसाहेब, आणि म्हातारी?"

म्हातारी होती. पानी स्तेफानिया.
(त्यांच्यात बाईला पानी म्हणतात. पहिल्या दिवशी
तिनं नाव सांगितलं, आणि दौलू तांब्या भरून घेऊन आला.)
ती माझ्या फलकाशी आली, यूरेकला पुढं केलं.
म्हणे, माझं घर मोज.
कुठं आहे?
तिनं कपाळावर बोट ठेवलं.

दारापासून विहीर एकवीस पावलं.
विहिरीपासून सासऱ्यानं लावलेलं नासपतीचं झाड, नऊ.
झाडापासून कुंपण... इथं ती अडखळली,
मग डोळे मिटून माळावर चालू लागली,
मागं दौलू, साखळी खळखळत.
एका ठिकाणी थांबली. तिथं नुसतं वाळकं गवत होतं.
तिनं फाटकाची कडी काढली,
मगच पाऊल पुढं टाकलं.
दौलूनं तिच्यामागं फाटक लोटून घेतलं.

मी टिपण काढलं, इंचाला एक साखळी.
उत्तर तिला विचारून लावली.
लगत पूर्वेस: भाऊ, बेपत्ता.
पश्चिमेस: चर्च.
दक्षिणेस: बर्फ. ती म्हणाली तसंच लिहिलं.
शिक्का मारायचा मला अधिकार नव्हता.
मारला.

पुढं ती माणसं गेली, कुणी कुठं, कुणी कुठं.
त्याच बराकींत सिंधी उतरले.
पहिल्याच आठवड्यात किशिनचंद नावाचे दुकानदार
कचेरीत येऊन मोजणीची फी विचारू लागले.
जागा कुठली, म्हटलं,
तर टोपी काढून बाकावर बसून राहिले.
मी दौलूला साखळी काढायला सांगितली.

स्तेफानियाबाईंची अस्सल प्रत त्यांच्याकडं.
नक्कल मी दप्तरात लावली:
मौजे वळिवडे, पेटा करवीर. सर्व्हे नंबर कोरा.
नंतरचे दोन इन्स्पेक्टर विचारून गेले,
हे क्षेत्र नकाशात बसतं कुठं?
बसत नाही साहेब, म्हटलं.
मोजणी बरोबर आहे.